मे महिन्यात करवत, जूनमध्ये पडझड

अंजनवेल
काल आमच्या गल्लीत पावसाळ्याआधीची छाटणी झाली. ठेकेदाराची शिडीची गाडी आली, चार पोरं चढली आणि दोन तासांत अकरा झाडं बोडकी करून गेली. गुलमोहर ऐन फुलावर होता. सोनमोहोरावर कावळ्याचं घरटं होतं, ते फांदीसकट खाली. सोबत पालिकेचा माणूस होता का? होता की, गाडीत मोबाइल बघत बसलेला. (पालिकेचं नाव घेत नाही.)

शहरी झाडांसाठी 1975 पासून राज्याचा कायदा आहे. त्याप्रमाणे वृक्ष प्राधिकरण असतं, दर पाच वर्षांनी गणनाही करायची असते. मुंबईच्या 2018 च्या गणनेत 29.75 लाख झाडं भरली. मोजली, ठीक. पण मोजून झाल्यावर त्या झाडाकडे पुन्हा फिरकतं कोण? लावलेल्या रोपांचे फोटो छापून येतात. सांभाळलेल्या झाडाचा फोटो कोणी काढत नाही.

आणि फुटपाथ! बुंध्याला चिकटवून काँक्रीट ओततात, आळं म्हणून वीतभर माती शिल्लक नाही. दिल्लीतल्या झाडांच्या प्रकरणात राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच सांगितलं होतं, बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा. आमच्याकडे त्याच एक मीटरवर पेव्हर ब्लॉक बसवलेत.

खडीसाखर
फुलं, घरटी... छान. मागल्या जुलैत माझ्या मेव्हण्याच्या उभ्या रिक्षावर फांदी पडली. तो आतच होता. खांदा मोडला, तीन महिने घरी बसला. भरपाई मागायला गेलो तर 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून वाटेला लावलं. वकिलाने राजकोटचा खटला दाखवला. 1975 साली रस्त्याकडेचं झाड अंगावर पडून एक माणूस गेला. हायकोर्टाने पालिकेला जबाबदार धरलं, पण 1997 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. झाड पडायला आलंय हे पालिकेला ठाऊक होतं, असं दाखवता आलं नाही म्हणे. मग आमच्यासारख्याने करायचं काय? माझ्यापुरतं सांगतो, बोडकी तर बोडकी. रिक्षा स्टँडवरचं झाड मला बोडकंच हवंय.

अंजनवेल
मेव्हण्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण तुम्ही सांगितलेला निकाल पुन्हा वाचा. ठाऊक नव्हतं म्हणून सुटले! म्हणजे झाडाकडे न बघण्यातच पालिकेचा फायदा. बघितलं, पोकळ निघालं आणि काही केलं नाही, तर अडकणार. त्यापेक्षा सरसकट सगळ्यांचे शेंडे मारा आणि मोकळे व्हा.

जुना_मुकादम
उद्यान खात्यात 26 वर्षं काढली, म्हणून लिहितोय. शेंडा मारायचा नसतो, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. शेंडा मारला की त्या जागी झाडूसारखे धुमारे फुटतात. दिसायला दाट, पण त्यांचा जोड सालीपुरता. चार-पाच वर्षांत तेच मोडून पडतात. फांदी काढायची तर तिच्या मुळाशी जी फुगीर कड असते ती राखून काढायची, म्हणजे जखम आपोआप मिटते. खुंटी ठेवली की पाणी मुरतं, कूज लागते, ढोली होते. तारांच्या बाजूच्याच फांद्या काढल्या की झाड दुसऱ्या बाजूला कलतं. हे सगळं कबूल.

आता दुसरी बाजू ऐका. माझ्याकडे तक्रारी कसल्या यायच्या? पानं पडतात. गाडीवर चिकट पडतं. दुकानाची पाटी झाकली. फांदीवरून चोर चढेल. 'झाड वाचवा' म्हणणारे वर्षाला चार, 'कापा' म्हणणारे रोज चार. त्यात नगरसेवकाचा फोन. अख्ख्या वॉर्डाला एक गाडी, आणि बागा, दुभाजक, कुंड्या बघणारी माणसंही तीच.

बरं, झाडं पडतात ती फांद्यांमुळे कमी, मुळांमुळे जास्त. केबलवाले, गॅसवाले, ड्रेनेजवाले चर खणतात आणि बाजूची जाड मुळं सरळ तोडून टाकतात. झाड एक-दोन पावसाळे उभं राहतं, मग एका वाऱ्यात आडवं. चर कोणाचा होता हे तोवर सगळे विसरलेले. पेपरात नाव येतं उद्यान खात्याचं. आणि सगळं माणसाच्याच चुकीने होतं असंही नाही. मुंबईत पर्जन्यवृक्ष पिठ्या ढेकूण नावाच्या किडीने वाळले, ते कुठल्या ठेकेदाराने वाळवले?

बिल्डिंग_नं_4
आम्हा सोसायटीवाल्यांचं कोणी बोलत नाही. आवारातलं झाड आमचं, पडलं तर जबाबदारी आमची, छाटणीचा खर्चही आमचा. पण हात लावायचा तर परवानगी पालिकेची. विनापरवाना तोडलं तर 1,000 ते 5,000 रुपये दंड आणि आठवडा ते वर्षभर कैद. उलट मे महिन्यात 'धोकादायक फांद्या काढून घ्या' म्हणून नोटीस आम्हालाच. अर्ज मार्चमध्ये दिला, पाहणीला माणूस ऑगस्टमध्ये. लोक रात्री बुंध्याला भोक पाडून ॲसिड का ओततात, हे समजून घ्या.

अंजनवेल
ॲसिड ओतणाऱ्याला समजून घ्यायची माझी तयारी नाही. बाकी मुद्दे मान्य.

विलायती_चिंच
मी गेली काही वर्षं इंग्लंडमध्ये शेफील्डला आहे. 'परदेशात बघा कसं' म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितेय. इथल्या नगर परिषदेने 2012 मध्ये रस्ते देखभालीचं 25 वर्षांचं कंत्राट एका खाजगी कंपनीला दिलं. त्यात रस्त्याकडेची 17,500 झाडं काढून नवी लावायची होती, म्हणजे जवळजवळ निम्मी. लोक झाडाखाली उभे राहायला लागले. नोव्हेंबर 2016 मध्ये एका रस्त्यावर पहाटे पाचच्या आधी पोलिसांनी दारं ठोठावून लोकांना गाड्या हलवायला लावल्या आणि झाडं पाडली. अटक झालेल्यांत सत्तरीच्या दोन बायका होत्या. हजारो झाडं गेल्यावर 2018 मध्ये काम थांबलं. 2023 च्या चौकशी अहवालात आलं, की परिषदेने लोकांची आणि कोर्टाचीही दिशाभूल केली. मग रीतसर माफी. मुळांनी फुटपाथची कड उचलली म्हणूनही धडधाकट झाडं काढली, हे विशेष.

खडीसाखर
ताई, तिकडे माफी तरी मागितली.

बिल्डिंग_नं_4
मुंबईत आरेमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडली, तेव्हा तरी काय वेगळं झालं? 4 ऑक्टोबर 2019 ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू. 7 तारखेला सुप्रीम कोर्टाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर झाडं आडवी. अर्थात मेट्रोने मी रोज जातो, त्यामुळे फार बोलत नाही.

अंजनवेल
आणि भरपाई म्हणून रोपं! 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं जेवढं वय तेवढी रोपं लावायची. साठ वर्षांच्या वडाला साठ रोपं. गावाबाहेरच्या उघड्या टेकडीवर लावलेल्या रोपांची सावली आमच्या बसस्टॉपला कशी पडणार?

जुना_मुकादम
टेकडीचं राहू द्या. खडीसाखर, तुमच्या स्टँडवर जाऊन एवढं बघा. बुंध्याच्या तळाशी आळंबी उगवलीय का? एका बाजूची माती उचललेली, भेगाळलेली आहे का? लाकडी दांड्याने बुंधा वाजवा, पोकळ असेल तर आवाज वेगळा येतो. असलं काही दिसलं तर फोटोसकट लेखी अर्ज द्या. फोनवर नको, फोनचा कागद होत नाही. अर्जावर शिक्का बसला की 'ठाऊक नव्हतं' म्हणायची सोय गेली. राजकोटचं तुम्हीच सांगितलंत.

खडीसाखर
आजच जाऊन आलो. वड आहे. उत्तरेकडच्या अंगाला आळंबी आहे, पांढरट, हाताच्या पंजाएवढी. पण अर्जात मी 'तोडा' असंच लिहिणार.

अंजनवेल
अहो, वड आहे तो! आधी 'तपासा' लिहा. खरंच पोकळ निघाला तर तोडायच्या अर्जावर मीही सही करेन.

खडीसाखर
तुम्ही सही कराल?

अंजनवेल
करेन. पण आळ्यातलं काँक्रीट फोडायचं कलमही त्यात घाला.

खडीसाखर
बरं. अर्ज कोणाच्या नावाने?

जुना_मुकादम
उद्यान अधीक्षक. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. साडेअकराच्या आधी जा, नंतर पोच देणाऱ्या बाई जागेवर नसतात.