विषय: फिलॉसफीत पीएचडी, अर्ज कुठे आणि कसे?

प्रेषक: एम.ए. भाग दोनची विद्यार्थिनी, बडोदा

नमस्कार मंडळी,
माझा विषय प्रामाण्यवाद, म्हणजे ज्ञान खरं आहे हे कशावरून कळतं: मीमांसक कुमारिल आणि नैयायिकांचा (न्यायदर्शनवाल्यांचा) वाद. डिसर्टेशन नव्वद पानांचं झालंय. येत्या डिसेंबरात अमेरिकेत अर्ज टाकायचेत, रँकिंग बघून बारा विद्यापीठं काढलीयत. रायटिंग सॅम्पल (अर्जासोबतचा लेखननमुना) म्हणून डिसर्टेशनचं पहिलं प्रकरण चालेल का? जीआरई (प्रवेशपरीक्षा) द्यावी का?

प्रेषक: पिट्सबर्ग

पहिलं प्रकरण अजिबात नको. त्यात कोण काय म्हणालं याची जंत्री असते, आणि प्रवेश कमिटीला तुझा युक्तिवाद बघायचा असतो. नावाजलेल्या विभागात पाच-सात जागांना दोन-तीनशे अर्ज येतात. पहिल्या चाळणीला सॅम्पलची दोन-तीन पानंच वाचली जातात. तेवढ्यात प्रश्न काय, तुझं म्हणणं काय आणि ते का पटावं हे कळलं नाही, तर मार्कशीट कितीही झळझळीत असो, फाइल खाली जाते.

तुझ्याच विषयातलं सांगतो. ‘कुमारिल आणि न्याय: एक तौलनिक अभ्यास’ असलं काही नको. नैयायिक गंगेशाचा एकच आक्षेप घे. ज्ञानाचं प्रामाण्य त्या ज्ञानाबरोबरच कळत असेल, तर अनोळखी प्रसंगी झालेल्या ज्ञानाबद्दल ‘हे खरं का?’ असा संशय यायलाच नको. पण तो येतो. मीमांसक यावर काय म्हणेल, त्याचं उत्तर कुठवर टिकतं, कुठे अडतं, एवढंच लिही. डबल स्पेसमध्ये पंधरा ते वीस पानं, म्हणजे पाच हजार शब्दांच्या आसपास. प्रबंध छाटून हे होत नाही, नव्यानेच लिहावं लागतं; ऑगस्ट-सप्टेंबर त्यासाठी मोकळे ठेव.

वाचणाऱ्याला संस्कृत येत नाही असं धरून चाल. संज्ञा पाच-सहाच ठेव, पहिल्यांदा येईल तिथे समजाव. पूर्वपक्ष मात्र दुबळा करू नकोस. आपल्याकडचे बरेच सॅम्पल तिथेच पडतात: प्रतिपक्षाचं म्हणणं दोन ओळींत उरकायचं आणि तिसऱ्या ओळीत जिंकायचं! बौद्ध शांतरक्षिताने कुमारिलावर केलेली टीका घेणार असशील, तर त्याचा तत्त्वसंग्रह कमलशीलाच्या पंजिकेसह (विवरणासह) आपल्याच गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये 1926 साली निघालाय, गंगानाथ झांचं इंग्रजी भाषांतरही त्याच मालेत आहे. संदर्भ कारिकेच्या (श्लोकाच्या) क्रमांकाने दे, म्हणजे वाचणाऱ्याकडे कुठलीही आवृत्ती असली तरी जागा सापडते.

रँकिंगचं म्हणशील, तर गूर्मे रिपोर्ट (फिलॉसफी विभागांची क्रमवारी) प्राध्यापकांचा लौकिक मोजतो. विद्यार्थ्यांना पुढे नोकऱ्या लागतात का, ते त्यात नाही. तुझ्या विषयाला हवाई, न्यू मेक्सिको आणि टोरांटो आधी बघ. त्यांच्या जोडीला असे दोन-चार विभाग घे जिथे पाश्चात्त्य ज्ञानमीमांसा भक्कम आहे आणि निदान एक तरी माणूस भारतीय ग्रंथ गंभीरपणे घेतो. फी प्रत्येक अर्जाला शंभर डॉलरच्या आसपास धर. बारा अर्ज म्हणजे लाख रुपयांच्या वर. फी माफ होते का ते ईमेल करून विचार, मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

जीआरई बहुतेक फिलॉसफी विभागांनी काढून टाकलीय. प्रत्येकाचं पान तपास. ऐच्छिक असेल तर पैसे वाचव. एसओपी (का शिकायचंय ते सांगणारं निवेदन) दीड-दोन पानं. ‘लहानपणापासून जीवनाच्या अर्थाचा ध्यास होता’ हे वाक्य लिहिलं असशील तर आत्ताच खोड.

प्रेषक: म्युनिक

थोडी भर. थेट पीएचडीच्या बारा अर्जांऐवजी आठ पीएचडी आणि तीन-चार एम.ए. ठेव. दुसरं एम.ए. कशाला, असं घरचे म्हणतील. पण कमिटीच्या ओळखीच्या प्राध्यापकांची पत्रं तिथून मिळतात आणि सॅम्पलवर दोन वर्षं कोणीतरी लाल शाई चालवतं. जॉर्जिया स्टेट, नॉर्दर्न इलिनॉय, मिलवॉकी इथे टीएशिप (शिकवण्यात मदतीचं काम) मिळाली तर ट्यूशन माफ होऊ शकते. ऑक्सफर्डचं बीफिल (फिलॉसफीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम) दोन वर्षांचं आणि कस लावणारं आहे. तिथे प्रवेशापेक्षा पैशाचं कोडं अवघड, म्हणून फेलिक्स आणि ऱ्होड्स शिष्यवृत्त्यांच्या तारखा आधी बघ.

लॉजिककडे ओढा असेल तर इथे एलएमयूमध्ये (म्युनिकच्या विद्यापीठात) लॉजिक आणि विज्ञानाच्या तत्त्वज्ञानाचं एम.ए. इंग्रजीत आहे. भारतातून येताना एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागदपत्रांच्या तपासणीचं) लागतं, त्याला वेळ लागतो. प्रवेश मिळाल्यावर पळापळ सुरू केली तर सत्र हुकतं. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (जिथून पैसे महिन्याला ठरावीकच काढता येतात) वर्षाचे 11,904 युरो दाखवावे लागतात, हा 2024 पासूनचा आकडा; तो बदलतो, अर्जाच्या वेळी पुन्हा बघ.

प्रेषक: निवृत्त अध्यापक, बडोदा

पत्रांविषयी. शिफारसपत्रे तीन लागतात. ‘विद्यार्थिनी हुशार, कष्टाळू, वर्तणूक उत्तम’ एवढेच लिहिलेले पत्र कमिटीच्या उपयोगाचे नसते. या मुलीने कोणता युक्तिवाद केला आणि तो नवा का, हे त्यात असावे लागते. म्हणून सरांकडे नुसती विनंती करू नका. सॅम्पल, एसओपी, त्यांच्या वर्गातले तुमचे निबंध आणि विद्यापीठांची मुदतवार यादी असे एकत्र द्या, तेही दोन महिने आधी. पोर्टलवर त्यांचा विद्यापीठाचा ईमेल द्या, खासगी पत्त्यावर काही पोर्टल अडतात. पत्र पाहण्याचा हक्क सोडल्याची खूण करा, नाहीतर पत्राला वजन राहत नाही. लिंक पुष्कळदा स्पॅममध्ये जाते, तेव्हा आठवण करताना संकोच नको.

ट्रान्स्क्रिप्टसाठी परीक्षा विभागात दिवाळीआधी अर्ज द्या आणि दोन-तीन सीलबंद संच जास्तीचे काढून ठेवा. टक्केवारी स्वतः जीपीएत बदलू नका. पोर्टलवर मूळ मोजपट्टीच भरा.

प्रेषक: विद्यार्थिनी, बडोदा

सर, काका, ताई, खूप आभार. समजा दोन ठिकाणांहून होकार आला, तर निवडायचं कसं?

प्रेषक: पिट्सबर्ग

ऑफर लेटर वाच, ईमेलमधलं गोड बोलणं बाजूला ठेव. पाच वर्षांचं फंडिंग लेखी आहे का? उन्हाळ्याचे तीन महिने त्यात धरलेत का? आरोग्य विमा कोण भरतं, परदेशी विद्यार्थ्यांची वेगळी फी आहे का? मग स्टायपेंडमधून त्या गावातलं भाडं वजा करून बघ. महागड्या शहरातला मोठा आकडा लहान गावातल्या छोट्या आकड्यापुढे हरू शकतो. 1913 साली सयाजीराव महाराजांनी आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं, तेव्हाही महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं आणि परतल्यावर संस्थानची नोकरी, हे सगळं ठरवूनच दिलं होतं.

दुसरं, माणसं. तुझा गाइड दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार असेल, तर त्याच्या विषयात दुसरा कोण आहे? मार्चमध्ये विभाग व्हिजिट ठेवतात. जाता आलं नाही तर झूमवर तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी बोल, प्राध्यापक समोर नसताना. विचारायचं हे: मसुदा दिल्यावर किती दिवसांत वाचून मिळतो, सत्राला किती सेक्शन (विद्यार्थ्यांच्या तुकड्या) शिकवावे लागतात, किती जण मधेच सोडून गेले. विभागाच्या प्लेसमेंटच्या (कोणाला कुठे नोकरी लागली त्या) पानावर सोडून गेलेल्यांची नावं नसतात, म्हणून ते पान एकट्याने पुरत नाही. एपीडीएचे (फिलॉसफी पीएचडींच्या नोकऱ्यांची नोंद ठेवणाऱ्या प्रकल्पाचे) आकडेही बघ.

15 एप्रिलच्या आत उत्तर दे म्हणून कोणी रेटलं तर घाबरू नकोस. ग्रॅज्युएट स्कूल्सच्या कौन्सिलच्या ठरावावर ज्यांची सही आहे, त्या विद्यापीठांना फंडिंगच्या ऑफरवर त्याआधी उत्तर मागता येत नाही. तुला ऑफर देणारं विद्यापीठ त्या यादीत आहे ना, तेवढं बघून घे. उलट, जिथे जायचं नाही हे ठरलंय तिथे लगेच नकार कळव. वेटलिस्टवरच्या कोणाची तरी जागा त्यावर अडलेली असते. तू स्वतः वेटलिस्टवर असशील तर मार्चअखेर एक छोटा ईमेल पाठव, ‘अजून इच्छुक आहे’ एवढाच.

शेवटच्या दोन दिवसांत फोन जवळ ठेव. पूर्व किनाऱ्यावर 15 एप्रिलची मध्यरात्र होते तेव्हा बडोद्यात 16 तारखेचे सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात, आणि हवाईची मुदत तर तुमच्याकडे दुपारी साडेतीनला संपते.