अरुंद होडीला शीड लावले की झाले?

उथळपाणी:
"वल्हवायची कोणतीही अरुंद होडी बांधा, तिला शीड लावा, दोन्ही कामे झाली, आराखडे विकत घेणे ही हौशी माणसाची लूट आहे," हे डोलकाठी यांचे विधान वाचले आणि उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. पाऊण मीटरहून कमी रुंदीची होडी वल्हवायला उत्तम असते, कारण वल्हे काठाला न घासता अंगाजवळून पाण्यात उतरते. परंतु शिडात बाजूचा वारा भरला की तीच रुंदी अंगाशी येते. लांबी तेवढीच ठेवून पाण्याच्या रेषेवरची रुंदी दीडपट केली, तर सुरुवातीचा तोल साधारणपणे घनाच्या प्रमाणात, म्हणजे तिपटीहून अधिक वाढतो. पहिली होडी सपाट तळाची आणि मीटरभराहून रुंद असावी, वल्ही काठावरच्या कड्यांत अडकवून मारावीत आणि वेग थोडा कमी मिळाला तर तो सोसावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

डोलकाठी:
"लूट" हा शब्द मी मागे घेणार नाही. स्कॉटिश प्रवासी जॉन मॅकग्रेगर १८६५ मध्ये युरोपातील नद्या आणि सरोवरे हिंडले ती रॉब रॉय होडी १५ फूट लांब आणि केवळ २८ इंच रुंद होती. तिच्यावर दुहेरी पात्याचे वल्हेही होते आणि लहानसे शीडही. तोलाची एवढीच धास्ती असेल तर एका बाजूला सुटी उलांडी, म्हणजे आडव्या काठ्यांनी जोडलेला तरंगता ओंडका, बांधावी. रुंद पेटारा वाऱ्याविरुद्ध वल्हवून किनाऱ्यावर आणण्याची वेळ ज्याच्यावर आली आहे, तो माणूस तुमचा सल्ला देणार नाही.

उथळपाणी:
उदाहरण चांगले आहे, पण अर्धेच सांगितले आहे. होडीचे बाजूला सरकणे रोखणारी, पाण्यात खाली उतरवायची फळी त्या होडीला नव्हती, त्यामुळे शिडाचा खरा उपयोग वारा मागून असतानाच होत असे. वाऱ्याच्या दिशेने तिरपे चढत जायचे असेल, तर डॅगरबोर्ड, म्हणजे तळातल्या खाचेतून उतरवायची तशी फळी, किंवा निदान बाजूला टांगलेला लीबोर्ड लागतोच. आणि तो शिडाच्या मानाने फार मागे किंवा पुढे बसला, तर होडी सतत एकीकडे ओढत राहते. आराखड्याचे पैसे या मोजमापासाठी द्यायचे असतात.

रंधा:
आपण दोघे रुंदीवरून भांडत आहात, पण होडी ज्यातून कापायची त्या प्लायवूडबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. "मरीन", म्हणजे होड्यांसाठीचे, असा ठळक शिक्का मारलेले शीट मी घेतले होते. नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, दोन बाजू तांब्याच्या तारेने आवळत असताना कडकन आवाज आला; चीर उघडून पाहिली तर आतला थर मध्येच संपलेला आणि तेथे बोट जाईल एवढी पोकळी होती. विक्रेता म्हणाला, तुम्ही जास्त वाकवले!

डोलकाठी:
घेण्यापूर्वी तुकडा उकळून पाहायचा असतो, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे.

रंधा:
उकळल्याने डिंक कळतो, आतली पोकळी कळत नाही. उपदेश करण्यापूर्वी तक्रार नीट वाचली असती तर बरे झाले असते.

ओलीबाजू:
शिवाय मरीन म्हणजे न कुजणारे, हा आणखी एक गैरसमज आहे. ओकुमे या लाकडाचे प्लायवूड बीएस १०८८ या मरीन प्लायवूडच्या ब्रिटिश मानकाचे असले तरी ते लाकूड मुळात कुजण्यास फारसा विरोध करत नाही. कापलेल्या प्रत्येक कडेत इपॉक्सी, म्हणजे घट्ट होऊन पाणी अडवणारे रसायन, मुरवले पाहिजे, अगदी डॅगरबोर्डाच्या खाचेतसुद्धा. आणि इपॉक्सी उन्हात खराब होते, म्हणून वर रंग हवाच. तळ चकचकीत करून खाच कोरडी सोडणारे महाभाग मी पाहिले आहेत.

रंधा:
खाचेचे मान्य. पोकळीचे उत्तर मात्र अजून कोणी दिलेले नाही. मी आता प्रत्येक शीट टिचकी मारत तपासतो. आवाज बदलला की ते परत, मग दुकानदाराने कितीही तोंड वाकडे केले तरी चालेल.

उथळपाणी:
मूळ प्रश्नाकडे येऊ. उलांडीने अरुंद होडी शिडाखाली सावरते, हे मी नाइलाजाने मान्य करतो. पण ती बांधलेली असताना त्या बाजूला वल्हे कोठे मारायचे, हे विद्वानांनी सांगावे.

डोलकाठी:
आडव्या काठ्या वल्हवणाऱ्याच्या पाठीमागे घ्याव्यात आणि उलांडी आखूड ठेवावी, म्हणजे पुढची जागा मोकळी राहते.

उथळपाणी:
आणि दोघे बसले तर मागच्याने काय करायचे?

डोलकाठी:
त्याने सुकाणू धरावे. दोघांनीही रोज वल्हवायचे असेल, तर तुमचा पेटाराच बांधा.