हाँगकाँगचे काकाकुवे इंडोनेशियाला परत पाठवावेत का?

डबेवाला_हाँगकाँग:
इथे येऊन सहा वर्षं झाली. ऑफिस अ‍ॅडमिरल्टीला, त्यामुळे दुपारचा डबा हाँगकाँग पार्कात. तिथे पाच-सहा पांढरे काकाकुवे केकाटत येतात. परवा एकाने वरून डहाळी टाकली ती थेट माझ्या पोळीवर. देठ बघितला तर कात्रीने कापल्यासारखा साफ!

चौकशी केल्यावर कळलं की हा पिवळ्या तुऱ्याचा काकाकुवा त्याच्या मूळ मुलखात, म्हणजे सुलावेसी, तिमोर, कोमोडो या बाजूला, नामशेष व्हायच्या बेतात आहे. जगात मोकळे उरलेत जेमतेम दोनेक हजार, आणि त्यातले २००च्या आसपास या शहरात. सगळी सुटलेल्या पाळीव पक्ष्यांची पिलावळ. १९४१मध्ये जपानी फौजा यायच्या आधी गव्हर्नरने पिंजरे उघडले अशी कथा इथे रंगवून सांगतात, पुरावा मात्र कुणाकडे नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. यातले पन्नासेक पकडा आणि तिकडे नेऊन सोडा. काय चुकतंय?

रानभूल:
बरंच चुकतंय. तिकडे पक्षी कमी झाले ते का? सापळे लावून पकडले आणि ढोलीची जुनी झाडं तोडली म्हणून. २०१५मध्ये सुराबाया बंदरात पोलिसांना पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांत कोंबलेले जिवंत काकाकुवे सापडले होते, आठवतंय? तिथे आणखी पन्नास पाठवणं म्हणजे गळक्या रांजणात पाणी ओतणं.

शिवाय बेटागणिक जात वेगळी. सुंबाच्या पक्ष्याचा तुरा नारिंगी, त्याला आता स्वतंत्र प्रजाती मानतात. तुमच्या पार्कातला कुठल्या बेटाचा, की दोन बेटांची भेसळ, हे आधी तपासायला नको? पिंजऱ्यातला चोच-पिसांच्या रोगाचा विषाणू सोबत गेला तर उरलेलेही जायचे.

पिंजरेवाले_काका (नाशिक):
आम्हा पाळणाऱ्यांना शिव्या घालायची फॅशन आहे. पण ते २०० पक्षी आले कुठून? पिंजऱ्यातूनच ना! माझा काकाकुवा १४ वर्षांचा आहे, २०२४च्या नियमांप्रमाणे परिवेश या सरकारी पोर्टलवर रीतसर नोंद केलेला. पिंजऱ्यात पैदास झाली की रानातल्या पक्ष्याची मागणी घटते, साधं गणित आहे.

डॉ. चोचपीस:
काका, गणित इतकं साधं असतं तर काय हवं होतं! २००५पासून रानातल्या या पक्ष्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे, म्हणून पकडलेला पक्षी ‘पिंजऱ्यात जन्मलेला’ म्हणून कागदावर धुऊन विकतात. हाँगकाँग विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यावर चाचणी काढली. रानातलं खाणं आणि पिंजऱ्यातलं खाणं यांचा माग पिसातल्या कार्बन-नायट्रोजनच्या समस्थानिकांत राहतो.

पैदासही सोपी नाही. कोंडलेला नर बिथरला की मादीलाच मारतो. माझ्याकडे येणाऱ्या काकाकुव्यांतले निम्मे स्वतःच्या छातीची पिसं उपटून आलेले असतात. डोकं तेवढं झकपक, कारण तिथे स्वतःची चोच पोचत नाही.

पिंजरेवाले_काका (नाशिक):
माझ्याची छाती शाबूत आहे. रोज तीन तास बाहेर असतो. सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

रानभूल:
काका, तुमच्यावर रोख नाही. पण फिलिपिन्समध्ये पलावानजवळच्या रासा बेटावर काय झालं बघा. तिथला काताला, म्हणजे लाल शेपटाखालचा काकाकुवा, १९९८मध्ये पंचवीसच्या आसपास उरला होता. त्यांनी पिल्लं चोरणाऱ्यांनाच पगारी राखणदार केलं. कुठलं झाड, कुठली ढोली, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? पुढे संख्या काही शेकड्यांवर गेली. बाहेरून एकही पक्षी न आणता.

डबेवाला_हाँगकाँग:
ठीक, पाठवणं रद्द. पण मग इथल्यांना नुसते शहरी उपद्रवी समजून सोडायचं का? तिकडे काही बरंवाईट झालं तर हीच शिल्लक पुंजी. आणि इथेही ढोल्या कमी होताहेत. आमच्या गल्लीतलं जुनं झाड धोकादायक म्हणून बुंध्यापासून कापलं. दुसऱ्या दिवशी एक जोडी समोरच्या दिव्याच्या खांबावर बसून तासभर ओरडत होती. इथे घरट्यांसाठी लाकडी पेट्या लावायचं बोलणं चाललंय, मीही जाणार आहे.

पिंजरेवाले_काका (नाशिक):
प्लायवूड घेऊ नका, आठवड्यात भुसा करतात. माझ्याने तीन पेट्या खाल्ल्यात. कडक लाकूड, दोन बोटं जाड, आणि आत कुरतडायला वेगळे ठोकळे ठेवा. माप संध्याकाळी टाकतो.