जिभेवर आलेला शब्द
शब्द डोक्यात शब्दकोशासारखे अकारविल्हे लावलेले असतात, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. परवाच आईला किसणी हवी होती. हातात गाजर धरून म्हणाली, ‘अगं ती दे ना, चाळणी... नाही गं, गाळणी... अगं ती!’ तिन्ही वस्तू स्वयंपाकघरातल्या, तिन्ही शब्द तीन अक्षरी आणि ‘णी’ने संपणारे. म्हणजे अर्थ आणि नाद, दोन्ही वाटांनी ती शब्दाच्या दारापर्यंत पोचली होती. नुसती अकारविल्हे रचना असती तर ‘किल्ली’ नाहीतर ‘किराणा’ तोंडात यायला हवा होता.

१९६६ साली रॉजर ब्राउन आणि डेव्हिड मॅकनील या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. विद्यार्थ्यांना कमी वापरातल्या शब्दांच्या व्याख्या वाचून दाखवल्या आणि शब्द ओळखायला सांगितलं. ‘सेक्स्टंट’ या खलाशांच्या उपकरणासाठी कुणाला अर्थाने जवळचा ‘कंपास’ सुचला, तर कुणाला नादाने जवळचा ‘सेक्स्टेट’ (सहा वादकांचा संच)! शब्द सापडत नसतानाही त्याचं पहिलं अक्षर बऱ्याचदा बरोबर सांगता येत होतं. तेवढ्यापुरतं अकारविल्हे रचनेचं म्हणणं खरं आहे.

एक मात्र मनापासून सांगते, वयस्कर माणूस असा अडला की घाईने शब्द पुरवू नका. मिनिटभराने आईला ‘किसणी!’ आठवलं, तेव्हा तिचा चेहरा केवढा उजळला होता.