वॉलेटमध्ये नाणी नसतात, तर मग असते काय?

नवशिका: क्रिप्टोचलनातली ब्लॉकचेन म्हणजे सर्वांना पाहता येणारी सामायिक खातेवही, इथपर्यंत समजले, मात्र वॉलेट, प्रायव्हेट की आणि सीड फ्रेज या शब्दांपाशी गाडी अडते. वॉलेट असलेला फोनच बिघडला, तर आतली नाणी गेली असे समजायचे का? शिवाय कॉइन आणि टोकन यांत फरक काय?

जुनी वही: गोंधळाचे मूळ ‘वॉलेट’ या नावातच आहे, कारण त्यात नाणे एकही नसते. कोणत्या पत्त्यावर, म्हणजे खाते क्रमांकासारख्या ओळखीवर, किती शिल्लक आहे, याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवरील खातेवहीच्या प्रतींमध्ये असते. वॉलेट सांभाळते ती फक्त प्रायव्हेट की, म्हणजे गुप्त किल्ली, जिच्याशिवाय त्या पत्त्यावरून रक्कम पाठवण्याच्या व्यवहारावर डिजिटल सही होऊच शकत नाही. खरे तर त्याला किल्ल्यांचा जुडगा म्हणायला हवे होते. बहुतेक वॉलेट सुरुवातीलाच २०४८ शब्दांच्या ठरावीक यादीतले १२ किंवा २४ शब्द दाखवतात. हीच सीड फ्रेज. नव्या फोनवर तेच शब्द त्याच क्रमाने भरले, की सगळ्या किल्ल्या पुन्हा तयार होतात. फोन आणि शब्द दोन्ही गेले, तर शिल्लक वहीत साऱ्या जगाला दिसत राहील, पण हलवता कुणालाच येणार नाही.

गॅसग्रस्त: स्वतःची ब्लॉकचेन असलेले ते कॉइन, उदाहरणार्थ बिटकॉइन किंवा इथेरियम या ब्लॉकचेनचे इथर, दुसऱ्या ब्लॉकचेनच्या आधाराने चालणारे ते टोकन. बोलताना लोक सरमिसळ करतात, पण व्यवहारात फरक जाणवतो. इथेरियमवरचे टोकन पाठवायचे शुल्क, ज्याला गॅस म्हणतात, सहसा इथरमध्येच भरावे लागते. माझ्या वॉलेटमध्ये टोकन होते आणि इथर शून्य, त्यामुळे पहिलाच व्यवहार अडून बसला होता.

नवशिका: आभारी आहे. पण माझे खाते नाण्यांची खरेदी-विक्री करून देणाऱ्या एका एक्स्चेंजवर आहे आणि तिथे मला असे शब्द कधी दाखवलेच नाहीत.

जुनी वही: म्हणजे किल्ल्या एक्स्चेंजकडे आहेत आणि तुम्हाला दिसतो तो त्यांच्या अंतर्गत हिशेबातला आकडा. २०१४ मध्ये माउंट गॉक्स हे एक्स्चेंज बुडाले, तेव्हा खातेदारांना आपली नाणी काढून घेता आली नव्हती. स्वतःचे वॉलेट उघडलेत, तर शब्द कागदावर लिहा, त्यांचा स्क्रीनशॉट काढू नका. आणि मदतनीस म्हणवणारा कुणी ते विचारू लागला, तर तो चोर आहे असेच धरून चाला.