"फक्त मिनिमम भरत राहा": क्रेडिट कार्डाच्या उधारीचे तुमचे अनुभव

वनाजची
परवा लेकीबरोबर नगर रोडच्या मॉलमध्ये गेले होते. सरकत्या जिन्यापाशी कार्डवाल्यांचं टेबल, त्यावर फुकट द्यायची लाल ट्रॉली बॅग. बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी फॉर्म भरत होती, गळ्यात अजून कंपनीचं आयकार्ड. तिने विचारलं, एखाद्या महिन्यात नाही जमलं तर? तो मुलगा म्हणाला, "मॅडम, फक्त मिनिमम भरत राहा, काही टेन्शन नाही." माझे पाय तिथेच थिजले. लेक म्हणतेय आई चल ना.

हेच वाक्य मी २०१८ मध्ये फोनवर ऐकलं होतं. ह्यांची चाकणची नोकरी गेली होती. त्यांच्या डोक्याला आणखी घोर नको म्हणून किराणा, शाळेची फी, लक्ष्मी रोडवरची दिवाळीची खरेदी, सगळं कार्डावर ढकलत गेले. घरात कमी पडतंय हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं.

बाकी १,००,००० झाली तेव्हाचा हिशेब अजून पाठ आहे. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३,५००. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ६३०. मिनिमम, म्हणजे त्या महिन्यात भरावीच लागणारी कमीत कमी रक्कम, ५,०००. म्हणजे पाच हजार भरले की मुद्दल कमी व्हायचं ८७० रुपयांनी. आणि त्याच आठवड्यात दोन-तीन हजारांचा किराणा परत त्याच कार्डावर.

स्टेटमेंट ईमेलवर यायचं, त्यामुळे घरात कागद नाही. १८ तारखेला मेसेज यायचा. त्या दिवशी मी फोन ओट्यावर पालथा ठेवायचे.

शेवटी एका रविवारी सांगितलं. तोवर ह्यांना भोसरीत काम मिळालं होतं. ओरडले नाहीत. लेकीची गणिताची वही घेतली, मागच्या पानावर रेघा मारल्या आणि म्हणाले, सांग एकेक. माझ्या आईने तिच्या पाटल्या दिल्या, त्या बँकेत ठेवून सोनेतारण कर्ज काढलं आणि कार्ड एकरकमी फेडलं. शिवणाच्या कात्रीने कापलं. पाटल्या सोडवायला चौदा महिने लागले.

मॉलमधल्या त्या मुलीला काही बोलले नाही. ओळख ना पाळख. ते मनात राहिलंय, म्हणून लिहितेय. तुम्हीही लिहा.

सिंहगड_रोडवरचा
ताई, वाचताना पोटात गोळा आला. माझी चार कार्डं. पहिल्याचं बिल भरायला दुसऱ्यावरून एटीएममधून कॅश काढली. कॅशला खरेदीसारखे बिनव्याजी दिवस नसतातच, काढल्या दिवसापासून व्याज, वर काढायची फी वेगळी. हे मला तिसऱ्यांदा काढल्यावर कळलं. हिंजवडीत तेव्हा ७८ हजार हातात येत होते आणि दहा तारखेला खातं रिकामं. मग एकदा सुट्टीत बसून वर्षाची स्टेटमेंटं काढली आणि पिवळ्या पेनाने रंगवली. एका महिन्यात बाहेरून मागवलेल्या जेवणाच्या ४१ ऑर्डरी. आई रोज डबा देत होती. तो मी ऑफिसात दुसऱ्याला द्यायचो. हे तिला अजून सांगितलेलं नाही.

माहेर_साताऱ्याचं
तुमच्या आईंना नमस्कार सांगा. पाटल्या उतरवून देणं सोपं नसतं.

नारायण_पेठी
आमच्याकडे वाण्याची वही होती. लाल कापडी पुठ्ठा, दोरीने बांधलेली. मी आठवीत असताना सामान आणायला जायचो, काका वहीत लिहायचे आणि मला एक लिमलेटची गोळी द्यायचे. एक तारखेला वडील जाऊन पैसे देत. एका महिन्यात उशीर झाला तर काका स्वतः म्हणाले, या महिन्यात साखर अर्धा किलोच नेतो का? कार्डाला असं विचारता येत नाही.

शनिवारातली
@नारायण_पेठी, मोदी गणपतीजवळचं दुकान का? जिना चढून जायचं, बाहेर गुळाच्या ढेपा असायच्या?

नारायण_पेठी
नाही, ते वेगळं. आमचं पत्र्या मारुतीच्या बाजूला. पण गुळाच्या ढेपांचं दुकान माहितीये, तिथे मुंग्या फार.

निवृत्त_बँकवाला
अडतीस वर्षं बँकेत काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. पूर्ण बिल भरलं नाही की दोन गोष्टी होतात. उरलेल्या रकमेवर व्याज लागतं ते बिलाच्या तारखेपासून नाही, खरेदी केली त्या दिवसापासून. आणि नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज घेतलेल्या दुधावर आजपासून व्याज. वनाजच्या ताईंचा किराणा नेमका यात अडकला. महिना साडेतीन म्हणजे वर्षाला सरळ हिशेबाने ४२ टक्के. सोनेतारण याच्या चौथाईच्या आसपास पडतं, म्हणून त्यांच्या आईंनी केलं ते अगदी योग्य.

व्याजावर कोणी मर्यादा घालेल म्हणून थांबू नका. ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज अनुचित ठरवलं होतं, तो निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला.

आणि ताई, कार्ड नुसतं कापून बंद होत नाही.

वनाजची
काका, तेच झालं ना! वर्षाने वार्षिक फी लागली, त्यावर लेट फी. कापलेल्या कार्डाचा एक तुकडा शिवणाच्या डब्यात होता म्हणून शेवटचे चार आकडे तरी सापडले.

निवृत्त_बँकवाला
लेखी अर्ज द्यायचा. १ जुलै २०२२ पासून नियम आहे: बाकी शून्य असेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाही केलं तर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे.

हडपसरची_बाई
सगळी उधारी चैनीची नसते एवढंच लिहायला आले. बाबांना रात्री दोनला ॲडमिट केलं. काउंटरवर म्हणाले आधी डिपॉझिट भरा. कार्ड दिलं. मग रोज देत राहिले. अकरा दिवस. बाबा गेले आणि तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बिल आलं, १,६०,००० च्या वर. मी शाळेत शिकवते. वसुलीवाल्यांनी स्टाफरूमच्या फोनवर फोन केला, शिपाई वर्गात बोलवायला आला. रात्री साडेनऊलाही फोन यायचे. बाबांचा फोटो समोर आणि मी फोनवर तारखा मागतेय.

शनिवारातली
बाई, काय बोलू. जवळ असते तर येऊन बसले असते.

सिंहगड_रोडवरचा
बाई 🙏

निवृत्त_बँकवाला
हे आधी कोणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं: वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट बजावलंय. फोनच्या वेळा लिहून ठेवा, बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८. आणि सेटलमेंट करा, म्हणजे कमी रक्कम भरून मिटवा, म्हणून मागे लागले तर विचार करा, सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, "सेटल्ड" लिहिलं जातं आणि पुढे घराचं कर्ज अडतं. हप्ते बांधून घेऊन पूर्ण फेडता आलं तर तेच बरं.

हडपसरची_बाई
हप्तेच बांधले काका. सात राहिलेत.

कर्वेनगर_२४
नो कॉस्ट ईएमआयचं काय? फोन घ्यायचाय ३० हजारांचा. कॉस्टच नाही म्हणतात.

निवृत्त_बँकवाला
व्याज असतंच, तेवढी सूट किमतीत दाखवतात. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याकडून घेतात, बऱ्याचदा प्रोसेसिंग फीसुद्धा. दुकानात रोखीने काय किमतीला देतो ते आधी विचारा. जुना फोन चालतोय का?

कर्वेनगर_२४
चालतोय. बॅटरी जाते लवकर.

शनिवारातली
मग बॅटरी बदल रे बाळा. अप्पा बळवंत चौकाकडे जाऊन बघ.

माहेर_साताऱ्याचं
मी इथे वेगळंच सांगणार होते, आमच्या सोसायटीत बारा जणींची भिशी आहे, महिना दोन हजार. माझा नंबर लागला तेव्हा २४ हजार मिळाले ते सरळ कार्डात भरले. बायका म्हणाल्या साडी नाही घेतलीस? नाही घेतली. आणि सोनं बघितलंत का, तोळा लाखाच्या पुढे गेला, आता नव्या पाटल्या करायच्या कोणी आणि कशा. कुकर झाला, येते.

धायरीकर_मी
गेला तासभर वाचतेय. वनाजच्या ताई, फोन पालथा ठेवण्यापर्यंत सगळं माझं आहे. माझं २,१४,००० आहे. दोन कार्डं. नवऱ्याला माहीत नाही. मोठं काही घेतलेलं नाही हो, मुलांचे क्लास, वाढदिवस, सासूबाईंचा चष्मा, सेल लागला की चादरी. मोठी वस्तू दाखवता आली असती तर सांगायला तरी सोपं गेलं असतं.

वनाजची
अगं, तू एकटी नाहीस. मीही नेमकी याच जागी अडकले होते, "कशावर गेले" याचं उत्तर नव्हतं. आकडा आधी कागदावर लिही. तोंडाने सांगताना आपण कमी सांगतो. मी पहिल्यांदा ऐंशी म्हणाले होते, लाख नाही.

धायरीकर_मी
मुलं झोपतायत. लिहिलाय आकडा. बिग बाजारच्या जुन्या पिशवीवर लिहिलाय, हाताशी तेच होतं.

सिंहगड_रोडवरचा
ताई, शांतपणे. काय होईल ते होवो, इथे लिहा.

नारायण_पेठी
@शनिवारातली, विचारलं मोठ्या भावाला. तुमचं गुळाचं दुकान बंद झालं, तिथे आता मोबाइल कव्हर मिळतात. आमच्या काकांचा मुलगा अजून बसतो. वही नाही, क्यूआर कोड आहे.

शनिवारातली
अरेरे. जाऊन यायला हवं होतं.

धायरीकर_मी
सांगितलं. पिशवीच समोर ठेवली. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला त्याच्याही कार्डावर ६० आहेत, गाडीच्या कामाचे, मार्चपासून. मला माहीतच नव्हतं. दोघांचे फोन शेजारी ठेवून आता लिहितोय. काका, अजून जागे असाल तर एकच विचारते, तीन कार्डांतलं आधी कुठलं फेडायचं?

निवृत्त_बँकवाला
जागा आहे. तिन्ही स्टेटमेंटवर व्याजाचा दर बघा, मागच्या पानावर बारीक अक्षरात असतो. सगळ्यात जास्त ज्याचा, त्यात हाताशी असेल ते सगळं. दर सारखे असतील तर सगळ्यात लहान बाकी आधी संपवा. उरलेल्यांचं मिनिमम चुकवू नका. आणि उद्याचं दूध रोखीने आणा.