शब्दचर्चा: 'क्रिस'ला कट्यार म्हणावं का?

अनुवादिका

मलेशियातलं मलाक्का आणि इंडोनेशियातलं जावा यांच्या इतिहासावरचा एक मोठा लेख मराठीत आणते आहे. त्यात पानोपानी शस्त्रं येतात: क्रिस (भोसकायचं शस्त्र, पुष्कळदा नागमोडी पात्याचं), पारांग, गोलोक, क्लेवांग (एकधारी तलवार), बादिक (लहान सुरा), करंबित. मसुद्यात मी मूळ नावं ठेवली होती आणि पहिल्यांदा नाव येईल तिथे ओळीभर वर्णन दिलं होतं. संपादकांनी क्रिसची सगळीकडे 'कट्यार' केली, पारांग आणि गोलोक दोन्हींचा 'कोयता' केला आणि करंबितचं 'वाघनख'. वाचक अडखळता कामा नये, हा त्यांचा मुद्दा. पण आता एका वाक्यात "कोणाच्या हाती कोयता, कोणाच्या हाती कोयता" असं झालंय.

बाकीचं निभावून नेईन, पण क्रिसचं काय करू? मलेशियात राजा गादीवर बसताना त्याचं चुंबन घेतो, लग्नात नवरदेव ते कमरेला खोचतो, घरात ते पिढ्यान्‌पिढ्या वारसा म्हणून राहतं. 'कट्यार'मध्ये हे सगळं मावतं का? आणि मूळ शब्दच ठेवायचा तर क्रिस, केरिस की करीस?

पट्टेकरी

ताई, कट्यार अजिबात नको. मी कोल्हापुरात तालमीत मर्दानी खेळ शिकलोय, म्हणून हातात धरण्यापासूनच सांगतो. कट्यारीला दोन समांतर पट्ट्या आणि त्यांना जोडणारी आडवी मूठ असते. मूठ आवळली की पातं थेट बोटांच्या पेरांसमोर येतं. म्हणजे मारायचा ठोसाच, पुढे पातं लावलेला. पुष्कळ कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चिलखताच्या कड्या फोडायला.

क्रिसची मूठ लाकडाची किंवा हस्तिदंताची, पात्याशी कोन करून वाकलेली. ती पिस्तुलासारखी धरतात आणि अंगठा व तर्जनीच्या चिमटीत पात्याचं बूड पकडतात. मनगट सरळ ठेवून भोसकायचं. दोन्ही भोसकण्याचीच हत्यारं खरी, पण पकड वेगळी, पवित्रा वेगळा.

नागमोडी पात्यामुळे कोणी 'बिचवा' सुचवेल. तोही नको. बिचव्याला एक-दोन बाक असतात. क्रिसच्या वळणांना जावानीजमध्ये 'लुक' म्हणतात, ती कायम विषम मोजतात: तीन, पाच, सात, नऊ, तेरा. आणि हे लोकांना माहीतच नसतं की सरळ पात्याचे क्रिसही भरपूर आहेत.

स्वभाषाव्रती

प्रत्येक परक्या वस्तूला परकं नाव ठेवायचं ठरवलं तर भाषांतर कशाला करायचं? छत्रपतींनी राजव्यवहारकोश करवून घेतला, त्यात स्वतंत्र शस्त्रवर्ग आहे. राज्य उभं करण्याच्या धामधुमीतही त्यांना शस्त्रांची नावं आपल्या भाषेत असावीत असं वाटलं, हे विसरू नका. कट्यार पटत नसेल तर 'खंजीर' घ्या, 'नागमोडी खंजीर' म्हणा. वाचकाच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहील.

फिरंगोजी

खंजीर अरबी आहे. जंबियाही अरबी.

आणि आपल्या पूर्वजांनी परकी नावं टाळली असं मला तरी दिसत नाही. युरोपातून आलेली सरळ, लांब पाती इथल्या मुठीत बसवली आणि त्या तलवारीला नाव दिलं 'फिरंग'. जिथून आली तिथलंच नाव. कोशात संस्कृत प्रतिशब्द आले तरी माणसं तोफ आणि बंदूकच म्हणत राहिली. डचांचं बघा: सुमात्रातल्या आचेच्या लढाईत १८९० मध्ये त्यांनी खास तुकडी उभारली, स्थानिक धर्तीचं हत्यार तिच्या हाती दिलं आणि त्याला क्लेवांगच म्हणत राहिले. राज्यकर्ते असून त्यांना नाव बदलावंसं वाटलं नाही.

स्वभाषाव्रती

खंजीर शेकडो वर्षं मराठीत नांदतोय, त्याला आता परका म्हणता येणार नाही. कालपरवा कानावर पडलेला मलय शब्द आणि तो, दोघांना एका पंक्तीला बसवू नका.

मांडवीकाठ

कालपरवा कसा? गोव्याकडून बघा ना. आल्बुकर्कनं १५१० मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. १६४१ मध्ये डचांनी हिसकावून घेईपर्यंत मलाक्काचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता. जहाजं, शिपाई, पाद्री, व्यापारी सगळे इथून तिथे ये-जा करत होते. फ्रान्सिस झेवियरचं शवसुद्धा आधी मलाक्काला उतरलं, मग गोव्याला आलं. पोर्तुगीजमध्ये 'क्रिस' तेव्हापासून आहे. आमच्या आसगावात जन्मलेल्या मोन्सिन्योर दालगाद यांनी पोर्तुगीजमधल्या आशियाई शब्दांचा कोश १९१९ ते १९२१ मध्ये काढला, त्यात तो आहे. या किनाऱ्याला हा शब्द चारशे-पाचशे वर्षं ओळखीचा आहे.

माझं मत 'क्रिस'ला. उच्चारायला सोपा, लिहायला सोपा.

पेनांगवासी

मी बरीच वर्षं मलेशियात आहे, म्हणून आधी पारांगबद्दल लिहितो. माझ्या मते संपादकांचा 'कोयता' इथे बरोबर आहे. पारांग हे काही दिवाणखान्यात टांगायचं शस्त्र नाही. नारळ सोलायला, रान साफ करायला, फांद्या तोडायला प्रत्येक खेडेगावातल्या घरात एक असतं. वजन टोकाकडे जास्त, त्यामुळे हात फार न उचलताही घाव बसतो. आणि इथल्या वर्तमानपत्रांत दरोड्याच्या, मारामारीच्या बातम्यांत पारांग तसंच येतं, जसा पुण्याच्या बातम्यांत कोयता. शेतातलं अवजार गुंडांच्या हाती गेलं आणि शब्दाला दहशतीचा वास लागला, हा प्रवास दोन्हीकडे सारखाच.

क्रिस मात्र मूळ नावानेच ठेवा. मलेशियाच्या राजचिन्हावर वरच्या बाजूला ओळीने पाच क्रिस आहेत, पूर्वीच्या पाच संस्थानांचे: जोहोर, केडाह, केलांतान, पर्लिस आणि तरंगानू. तिथे "पाच कट्यारी" लिहिलं तर वाचकाला वाटेल मराठे तिकडे पोचले होते.

पाटाच्या कडेला

पेनांगवासी, कोयता म्हणता तो कुठला? आमच्या रत्नागिरीकडे कोयता आणि कोयती यांत फरक आहे. कोयती लहान, पात्याचं टोक आत वळलेलं, माडावर चढताना मागे आकड्याला अडकवतात. घाटावरचा ऊसतोडीचा कोयता पुन्हा वेगळाच. पारांगचं टोक आत वळतं का?

पेनांगवासी

नाही वळत. पाठ सरळ किंवा किंचित उचललेली, पोट फुगीर. ऊसतोडीच्या कोयत्याच्या जवळचं म्हणा. गोलोक साधारण त्याच कुळातला, पश्चिम जावात जास्त चालतो, आखूड आणि दणकट.

पाटाच्या कडेला

मग दोन्हींना कोयता म्हणून कसं चालेल? आमच्याच चार तालुक्यांत चार तऱ्हा आहेत. आणि कोयतीला कोणी 'छोटा कोयता' म्हटलं तर माझ्या आजीनं त्याला माडाखाली उभं केलं नसतं.

अक्षरधुंडी

मूळ प्रश्नाकडे एका वेगळ्या वाटेनं येतो. जावाच्या ग्रांथिक भाषेत क्रिसला 'चुरिगा' असा जुना शब्द आहे. तो संस्कृत छुरिकेवरून गेलेला. आपली छुरी तीच, आणि सुरीही क्षुरिकेच्या त्याच घरातली. तिथे एक वचन फार आदरानं उच्चारतात: 'चुरिगा मांजिंग वारांगका, वारांगका मांजिंग चुरिगा', म्हणजे क्रिस म्यानात शिरतो आणि म्यान क्रिसमध्ये शिरतं. भक्त आणि ईश्वर यांच्या एकरूपतेसाठी हे वापरतात. ज्ञानेश्वरी वाचलेल्या माणसाला हे लगेच कळावं.

तेव्हा 'सुरी' का नको? रक्ताचं नातं आहे.

पट्टेकरी

कारण मराठीत सुरीने कांदा चिरतात. नातं कितीही सख्खं असलं तरी शब्द आज ज्या कामाला आहे ते काम त्याला चिकटतं. राजाने सुरीचं चुंबन घेतलं असं लिहून दाखवा बरं.

कृशोदरी

क्रिस हा 'कृश'वरून आला असेल का? पातळ, निमुळतं पातं. माझ्या वडिलांचं ठाम मत होतं की पूर्वेकडच्या बेटांवरचे निम्मे शब्द आपलेच आहेत.

अक्षरधुंडी

ताई, उच्चार जुळला म्हणजे व्युत्पत्ती जुळत नाही. मलय आणि जावानीजमध्ये 'इरिस' म्हणजे काप काढणं, चिरणं, आणि क्रिसचा संबंध बरेच जण त्याच्याशी लावतात. घरचं मूळ समोर असताना संस्कृतपर्यंत जायची गरज नाही. चुरिगा आपला, एवढं पुरे आहे. सगळंच आपलं म्हटलं की खरं आपलं काय होतं तेही कोणी ऐकत नाही.

कृशोदरी

'इरिस'चा संबंधही लावलेलाच आहे ना? मग 'कृश'ला दार बंद का?

लाउचा_उतार

व्युत्पत्ती राहू द्या क्षणभर, एक चित्र सांगतो. मध्य जावात लाउ डोंगराच्या उतारावर सुकुह नावाचं पंधराव्या शतकातलं मंदिर आहे. तिथल्या एका शिल्पपटात लोहारशाळा कोरली आहे. डावीकडे भीम पातं घडवतोय, उजवीकडे अर्जुन भाता चालवतोय आणि मधे गणपती नाचतोय. भात्याच्या उभ्या नळ्यासुद्धा स्पष्ट दिसतात, तिथले भाते तसेच असतात. भीमाच्या आजूबाजूला तयार हत्यारं मांडलेली. हे बघितल्यावर क्रिसला 'परकं' म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि त्याला दुसरं नाव द्यायलाही वळत नाही.

तिथे क्रिस घडवणाऱ्याला लोहार म्हणत नाहीत, 'अंपू' म्हणतात, तो मानाचा शब्द आहे. लोखंडात निकेल असलेल्या धातूचे थर देऊन तो घडी घालतो, ठोकतो, पुन्हा घडी घालतो. हा धातू पूर्वी सुलावेसीच्या लुवूहून येई. पुढे प्रंबाननजवळ उल्का पडली तिचाही वापरला, तिचा एक तुकडा सुराकार्ताच्या राजवाड्यात जपलेला आहे. पातं झालं की लिंबाचा रस आणि सोमल (आर्सेनिक) लावतात. लोखंड काळं पडतं, निकेलचे थर रुपेरी राहतात आणि नक्षी उमटते. या नक्षीला 'पामोर'. प्रत्येक नक्षीला नाव, एकीचं नाव 'सांडलेले तांदूळ'.

अनुवादिका ताई, 'कट्यार' लिहिलंत तर यातलं काय उरतं?

अनुवादिका

फार मोलाचं लिहिलंत. पण संपादकांना मी 'पामोर'ही तसाच ठेवणार म्हटलं तर ते लेखच परत पाठवतील. तलवारीच्या पात्यावरच्या अशा नक्षीला मराठीत 'जौहर' म्हणतात ना? तो चालेल?

फिरंगोजी

चालेल, पण 'जौहर' म्हटल्यावर आजचा वाचक चितोडच्या चितेकडे जाईल. पोलादाची लहर म्हणून तो ओळखणारे आता थोडेच उरलेत.

स्वभाषाव्रती

म्हणूनच वापरायला हवा! न वापरल्यामुळेच थोडे उरलेत. परज, मूठ, म्यान, खोबण एवढी संपत्ती आहे आपल्याकडे. वारांगका (म्यान), गांजा (पात्याच्या बुडाचा तुकडा), हुलू (मूठ) असले शब्द भरून लेख लिहिलात तर तो मराठी लेख राहील का? भागांची नावं मराठी, नक्षी 'जौहर', आणि शस्त्राचं नाव, चला, तेवढं 'क्रिस' मान्य.

पट्टेकरी

परज देऊ नका हो, क्रिसला परज नसते. पात्याचं बूडच एका बाजूला रुंद होत जातं, त्याखाली 'गांजा' नावाचा वेगळा तुकडा बसवलेला असतो, तोच बोटांना आडोसा.

व्याकरणगंगा

लेखनाचंही बघायला हवं. मलय उच्चारात पहिला स्वर 'ए' नाही, आपल्या 'अ'सारखा अस्फुट आहे, म्हणून 'केरिस' चूक. उच्चार 'करिस'च्या जवळ जातो. मराठी वळणानं उपान्त्य दीर्घ करून 'करीस' लिहिलं की ते क्रियापद होतं, "तू पूर्वी असं करीस". त्यापेक्षा 'क्रिस' बरा. लिंग? तो क्रिस, ती क्रिस की ते क्रिस? या चर्चेतच वर 'ते' आणि 'तो' दोन्ही आलेत.

मांडवीकाठ

पुल्लिंगी. 'तो क्रिस'. पोर्तुगीजमध्येही पुल्लिंगीच.

पेनांगवासी

करंबित राहिला. त्याला वाघनख म्हणू नका. वाघनखात आडव्या पट्टीवर चार-पाच नखं असतात आणि ते तळहातात लपतं. करंबित सुमात्राच्या मिनांगकाबाऊ मुलखातला, विळ्यासारखं एकच वाकडं पातं, मुठीच्या टोकाला बोट घालायला कडी. वाघाच्या नखावरून सुचलं असं तिकडेही सांगतात, त्यामुळे गोंधळ होतो.

पाटाच्या कडेला

मग 'कडीचा विळा' म्हणा. विळा म्हटलं की वाक आपोआप कळतो.

मांडवीकाठ

विळा गवत कापायचा. आमच्याकडे घरात बसून चिरायची ती आदोळी. तुमच्याकडे विळी ना?

पाटाच्या कडेला

विळी. पुढे खोबरं खवायला दात असतील तरच ती खरी विळी. खंडेनवमीला आमच्या घरी कोयता, कोयती, विळी सगळ्यांना हळदकुंकू लागतं. अडकित्त्यालासुद्धा.

लाउचा_उतार

जावात हे त्यांच्या वर्षाच्या पहिल्या महिन्यात, सुरोमध्ये होतं. घराण्याचे क्रिस बाहेर काढून धुतात, सोमल-लिंबू लावतात, फुलं वाहतात.

पेनांगवासी

अडकित्ता निघालाच आहे तर, मलयमध्ये त्याला 'काचिप'. सुपारी म्हणजे 'पिनांग', आमच्या बेटाचं नावच सुपारीवरून. शोभणाऱ्या जोडप्याला इथे "दोन भाग केलेल्या सुपारीसारखे" म्हणतात.

स्वभाषाव्रती

बघा, अडकित्ता! किती अस्सल मराठी शब्द.

अक्षरधुंडी

कानडी. 'अडके' म्हणजे सुपारी आणि 'कत्तरि' म्हणजे कातर.

स्वभाषाव्रती

कत्तरि तरी संस्कृत कर्तरीवरूनच ना? मग तो अर्धा कानडी.

अक्षरधुंडी

अडके कुठे गेली मग? सुपारीशिवाय अडकित्ता कसा होईल?